दोन परस खोल

४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात शाई घालवत नाही. काम आहे म्हणून पत्र.

तू मातीचा ताप मोजायची नोकरी करतेस असं तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. इथं माणसाची नाडी बघायला डॉक्टर मिळत नाही आणि आमची भाची जमिनीच्या काखेत थर्मामीटर घालून बसते! आता हसणं अंगाशी आलंय. मला घरामागं जमिनीखाली एक खोली खणायची आहे, बटाटे ठेवायला. उन्हाळ्यात वर सगळे कुजतात. किती खोल गेलं म्हणजे भर उन्हाळ्यात खोली गार राहील? एक परस? दोन परस? तीन म्हणशील तर माझे गुडघे आत्ताच संप पुकारतील. खणायला मी पैलवानाला सांगितलंय. तो अंगानं वाळल्या काडीसारखा आहे म्हणून त्याचं नाव पैलवान.

विहिरी खणण्यात जन्म गेला, पण विहिरीत माणूस पाण्यासाठी उतरतो, गारव्यासाठी नाही. म्हणून तुला विचारतोय. फोन करू नकोस. फोनवर मला काही ऐकू येत नाही, मी नुसतं 'हो हो' म्हणतो आणि मागून कळतं की कशाला तरी कबूल झालो.

मामीच्या नेहमीच्या दोन ओळी खाली नाहीत, कारण तिचा चष्मा फुटलाय.

तुझा मामा

•

१५ ऑक्टोबर

प्रिय मामा,

वाकून नमस्कार. दिवसभर वाकूनच असते, त्यामुळे वेगळे कष्ट पडले नाहीत.

माझं कामाचं ठिकाण म्हणजे तारेचं कुंपण घातलेला एक उघडाबोडका तुकडा. गवताचं पातंही उगवू द्यायचं नाही. त्यात पाच नळ्या पुरल्यात आणि प्रत्येकीत एक थर्मामीटर. सकाळी सातला आणि दुपारी दोनला वाचायचे. दुपारी वरचा थर्मामीटर साठाला टेकतो आणि मी चपला घालूनही एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत आकडे लिहिते. पण हातभर खालच्या थर्मामीटरला दुपार झाल्याचं कळलेलंही नसतं. दिवसाचं ऊन तिथवर पोचतच नाही, वरच्या वरच विरतं.

खाली जातं ते वर्षाचं ऊन. आणि तेही काय चालीनं! आपल्याकडच्या कोरड्या मातीत दिवसाला साधारण एक इंच. उन्हाळा असो की हिवाळा, इंचाइंचानं खाली उतरतो आणि उतरता उतरता थकतो. दर पाच फुटांना त्याचा जोर जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतो. माझा सगळ्यात खालचा थर्मामीटर जेमतेम एक मीटरवर आहे. त्याच्या खालचं सगळं हिशेबानं काढायचं.

तो काढला. तुझे दोन परस पुरेत. एक परस माणसाला उभं राहायला, एक परस छपरावर मातीला. आमच्या साहेबांना 'परस' म्हटल्यावर वाटलं घरामागचं परस! म्हणाले, दोन अंगणं खोल म्हणजे किती? मग मी त्यांना उभं राहून, हात वर करून दाखवलं. तुझा परस सात फुटांचा हे मला ठाऊक आहे. दर वेळी नव्या दोराचं टोक मामी पायाखाली दाबायची, उजव्या हातानं दोर वर ताणायची आणि तिची बोटं जिथं पोचतील तिथं तू गाठ मारायचास. सुट्टीत मी ते इतक्यांदा बघितलंय की मला वाटायचं, सगळ्या जगात खोली मामीनंच मोजतात.

म्हणजे चौदा फूट. तिथं वर्षभर तेवीस ते पंचवीसच्या मधेच पारा राहील. आणि गंमत ऐक. पाच जानेवारीच्या आसपास वर जी कडक थंडी असते, ती एकेक इंच करत चौदा फुटांवर पोचेल बावीस जूनला. वर तुम्ही भाजून निघत असाल तेव्हा खाली थंडी नुकतीच पाय टेकत असेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही दोघंच घरात. मामीला बटाटे पचत नाहीत, तुला आवडत नाहीत. मामा, तुझी माती कोरडी आहे खरी, पण इथं कुठंतरी पाणी मुरतंय. खरं सांग.

तुझी भिंगरी

•

२८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

तुला शिकवलं हीच चूक झाली.

खोली तुझ्या मामीसाठी आहे. ऑगस्टमध्ये एका दुपारी ती स्वयंपाकघरात पडली; आपल्या या कोरड्या मुलखात सप्टेंबरशिवाय पाऊस फिरकत नाही, तोवर तापतच असतं. झटका आला होता. चार दिवस दवाखान्यात होती. आता ठणठणीत आहे, मला शिव्या घालते, म्हणजे बघ. पण डॉक्टर म्हणाले की पुढचा उन्हाळा सांभाळा. अठ्ठावीसच्या वर पारा गेलेल्या खोलीत दुपारची ठेवू नका, दुसरा झटका झेपायचा नाही. आता आमचं घर तुला माहीत आहे. तीनच्या सुमाराला भिंतीला पाठ लावली तर पाठीवर विटांचा ठसा उठतो, आणि पंखा चालेल की नाही हे विजेच्या मर्जीवर. थंड हवेच्या गावाला नेतो म्हटलं तर म्हणते, मी माझं घर सोडून कुठंही मरायला जाणार नाही. मग म्हटलं, चल, घर सोडू नकोस, घराच्या खाली चल.

तुझ्या आईला कळवू नकोस. ती येईल, रडेल, आणि मग मामीलाच तिची समजूत काढावी लागेल.

विहिरीच्या तळाशी थंडीत घाम फुटतो आणि उन्हाळ्यात हुडहुडी भरते, हे मला तुझ्या साहेबांच्या बारशाआधीपासून ठाऊक आहे. पण त्याला तारीख असते हे आजच कळलं. बावीस जून! जमीन पोस्टापेक्षा वक्तशीर निघाली.

सोबत डबीत आमची माती पाठवतोय. तपास. जुना दोर उंदरांनी खाल्ला. नवा आणलाय, त्याला गाठी मारायच्या आहेत.

मामा

•

९ नोव्हेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र वाचून आधी खूप राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. मी काय परकी आहे? मामीनं मला वेण्या घालायला शिकवलं, रहाट ओढायला शिकवलं, खोटं बोलणाऱ्याच्या कानाची पाळी लाल होते हे शिकवलं. पत्रात कान दिसत नाही याचा तू फायदा घेतलास.

लगेच निघून येणार होते. साहेब म्हणाले, पावसाळ्याच्या आत तक्ता द्यायचाय, तो झाल्याशिवाय रजा नाही. इथं बियाण्यांचं जमिनीखालचं कोठार बांधणार आहेत आणि ते किती खोल घ्यायचं हे माझ्या तक्त्यावरून ठरायचंय. म्हणून इथूनच सांगते ते नीट ऐक.

माती माझ्याकडच्यासारखीच आहे. भुरी, कोरडी, ओलीचा वास नाही. हिशेब तोच लागू. आता खोलीच्या शेजारी चार हातांवर एक बारीक लोखंडी नळी जमिनीत उतरव, बरोबर खोलीच्या तळाइतकी खोल, त्याच दोरानं मोजून. पार्सलनं एक थर्मामीटर पाठवतेय, तो दोरीनं नळीच्या तळाशी सोडून ठेव. त्याच्या टोकाला मेणाचा गोळा आहे. घाण लागलीय असं समजून खरवडू नकोस! त्या मेणामुळे तो सावकाश चालतो. वर ओढून चष्मा शोधेपर्यंत खालचा आकडा बदलत नाही. दर आठवड्याला वाच आणि लिहून ठेव.

मामीला सांग, तिच्या दोन ओळींशिवाय आलेलं पत्र मी परत पाठवीन.

तुझी भिंगरी

•

२० जानेवारी

चि. भिंगरीस,

झाली खोली!

दीड महिना खणत होतो. म्हणजे पैलवान खणत होता आणि मी खुर्चीवर बसून त्याला चुका दाखवत होतो. मला आधी वाटायचं खणणं अवघड काम आहे. नुसतं बघणं त्याहून अवघड. बावीस पायऱ्या केल्या, रुंद, कठडा लावून. छपराला दगडी फरश्या, त्यावर माती घालून वरची जमीन होती तशी सपाट केली. नळीही उतरवली.

दोराच्या गाठींसाठी मामी उभी राहिली, नेहमीसारखीच. रोज संध्याकाळी ती खड्ड्याच्या काठाशी खुर्ची टाकून बसायची आणि पैलवानाला दोर सोडायला लावायची. 'अजून चार बोटं,' म्हणायची. शेवटल्या दिवशी दोराचं टोक तळाला टेकलं आणि दुसरी गाठ बरोबर काठाशी आली, तेव्हा असं काही हसली की पैलवानानं टोपी काढली.

एकच झालं. खोली जरा बुटकी वाटते. पैलवानाचं डोकं छपराला आपटतं. मीही वाकूनच असतो. मामी मात्र ताठ चालते, तिच्या मापाचीच शिवल्यासारखी. म्हणते, बरं झालं, या घरात कुणीतरी माझ्यापुढं वाकायला शिकलं.

तुझा थर्मामीटर भलता आळशी आहे. एखाद्या घरजावयाचा भाऊ शोभेल.

मामीचे हात मातीत भरलेत, म्हणून तिच्या ओळी नाहीत. पत्र परत पाठवायचं तर पाठव, तिकीट तुझं जाईल.

मामा

•

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

पैलवानाच्या डोक्याला हळद लाव आणि मामीला माझ्याकडून एक पापी दे. तू लाजशील, पण दे.

आता पैज. नळीतला आकडा खाली खाली जात राहील आणि बावीस जूनच्या आसपास सगळ्यात कमी होईल, तेवीसच्या किंचित वर. त्याआधी उलटला तर मी हरले. हरणाऱ्यानं दुसऱ्याला चार पानी पत्र लिहायचं, दोन्ही बाजूंनी.

आणि एक आनंदाची बातमी. इतक्या खोलवरचे आकडे आमच्याकडे कुणाकडेच नाहीत. साहेब म्हणाले, तुझ्या मामांचे आकडे तक्त्यात घेऊ, हिशेब खरा की खोटा ते त्यावरून कळेल. तेव्हा मामा, तू आता शास्त्रज्ञ झालास. जरा नीट दाढी करत जा.

तुझी भिंगरी

•

८ जून

चि. भिंगरीस,

काढ चार कोरी पानं! हरलीस!

आकडे वाच. चौदा फेब्रुवारीला तेवीस पूर्णांक आठ. चौदा मार्चला तेवीस. अकरा एप्रिलला साडेबावीस. नऊ मेला बावीस पूर्णांक तीन. आणि परवा, सहा जूनला, पुन्हा साडेबावीस. मधल्या आठवड्यांचे मागच्या पानावर आहेत. म्हणजे तुझी ती थंडी बावीस जूनची वाट न बघता मे महिन्यातच येऊन गेली. आणि तू तेवीसच्या वर म्हणाली होतीस, इथं त्याच्याही खाली गेलं. तुझ्या हिशेबापेक्षा माझी खोली जास्त गार! हातच्या कांकणाला आरसा कशाला? विहिरी खणणाऱ्याचा हात लागलाय म्हटल्यावर जमीनसुद्धा दोन पैसे जास्तच देते.

मामी अकराला खाली उतरते आणि पाचला वर येते. वर चाळीस आणि खाली ती चादर मागते. एक गंमत. तुला बटाटे म्हणून सांगितलं होतं ना, ते खोटं ठरू नये म्हणून मी खरंच एक पोतं आणून कोपऱ्यात ठेवलंय. एक बटाटा कुजलेला नाही.

मे तर निघाला. आता काय, ऑगस्टही असाच निघेल.

शास्त्रज्ञ मामा

•

२४ जून

प्रिय मामा,

हे पत्र मामीसमोर उघडू नकोस. तिला वाचून दाखवू नकोस. एकटा बसून वाच, चष्मा घालून.

तुझे आकडे आले आणि माझ्या पाचावर धारण बसली. तक्ता द्यायला सहा दिवस, आणि हिशेब चव्वेचाळीस दिवसांनी चुकलेला. वाटलं, माझी नोकरी गेली ते गेलंच, पण त्या कोठारातलं गावोगावचं बियाणं माझ्यामुळे भाजून निघालं असतं. दोन दिवस मी पाचही नळ्या पुन्हा पुन्हा मोजल्या. साहेबांना टाळत होते. जेवत नव्हते. माझ्या नळ्यांत काही चूक सापडली नाही.

मग तुझे आकडे समोर ठेवून बसले. अकरा एप्रिलला साडेबावीस, सहा जूनला साडेबावीस, बरोबर मधोमध नऊ मे. म्हणजे थंडी तुझ्या नळीच्या तळाशी बावीस जूनऐवजी नऊ मेलाच पोचली. दिवसाला एक इंच ही तिची चाल काही बदललेली नाही. मग ती चव्वेचाळीस दिवस आधी पोचली याचा अर्थ एकच. वाटच चव्वेचाळीस इंचांनी कमी होती.

मामा, तुझी खोली चौदा फूट नाही. दहा फूट चार इंच आहे. म्हणून तर ती जास्त गार वाटली. जी थंडी उथळ असते ती लवकर येते आणि जोरात येते. पण तिच्या मागून येणारं ऊनही तसंच लवकर आणि जोरात येणार आहे.

दोन गाठी, चव्वेचाळीस इंच. एका गाठीला बावीस. मी विचार करत राहिले की तुझ्यासारख्या माणसाचा परस बावीस इंचांनी चुकतो कसा? मग पैलवानाचं डोकं आठवलं. मामी ताठ चालते, बाकीचे वाकतात. मी खोलीतल्या आरशापुढं उभी राहिले, हात वर केला आणि टाळूपासून बोटांपर्यंत टेपनं मोजलं. एकवीस इंच भरले. एखादा इंच मामीच्या पाठीत गेला असेल.

फुटलेला चष्मा, मातीत भरलेले हात. मामा, मामीचा उजवा हात वर जात नाही ना आता? लिहिता पण येत नाही ना?

मी तुला रागावलेली नाही. नुसतं सांग.

आता काम ऐक, कारण ते थांबायचं नाही. तळाचं मला भय नाही, भय छपराचं आहे. त्यावर सात फूट माती हवी होती, ती पाच फूट दोन इंच आहे. जुलैचं ऊन वरून उतरत उतरत ऑगस्टमध्ये त्या फरश्यांशी पोचेल आणि छप्पर अठ्ठावीसच्या वर जाईल. मागच्या वर्षी मामी ऑगस्टमध्येच पडली होती. पण पुन्हा खणायची गरज नाही. खाली जाता आलं नाही तर वर चढव. छपराच्या जागेवर आणि चारी बाजूंना दोन-दोन हात पुढंपर्यंत बावीस इंच कोरडी माती घाल, त्यावर सावलीला विणलेल्या पाल्याची झापं टाक. जे ऊन आत शिरलंय ते शिरलं, पुढचं तरी अडेल. पैलवानाला उद्याच बोलाव.

तक्त्यात मी तुझे आकडे दहा फूट चार इंच म्हणून मांडलेत. सगळे हिशेबावर बरोबर बसले, केसाचा फरक नाही. साहेबांनी विचारलं, आधी चौदा का लिहिलं होतं? मी म्हटलं, दोराची गाठ चुकली होती. त्यांनी पुढं विचारलं नाही, बरं झालं.

तुझी भिंगरी

•

२ जुलै

भिंगरी,

कारण तुला कळलंच आहे तर सगळं ऐक. माझ्या पोटात आठ महिने आहे.

हात जात नाही. झटका उजव्या बाजूचा होता. पाय सुधारला, काठी घेऊन चालते, हात मात्र राहिला.

दोर आणला त्या दिवशी मी तो लपवून ठेवला होता. बाजारातून टेप आणणार होतो. पण तिनं सकाळीच विचारलं, 'दोर कुठाय? गाठी मारायच्या नाहीत?' पंचेचाळीस वर्षांत एकही दोर तिच्याशिवाय मापला नाही, आता काय सांगू? अंगणात उभी राहिली. दोराचं टोक पायाखाली घेतलं. डावा हात काठीवर. उजव्या हातात दोर धरून तो वर न्यायला लागली. खांदा थरथरत होता, कपाळावर घाम. हात टाळूपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं डोळे मिटले होते. म्हणाली, 'पोचला बघा हात. मारा गाठ.'

तिला खरंच वाटलं गं, की हात पुरता वर गेला. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी दवाखान्यातून आणल्यापासून पहिल्यांदा बघत होतो. मी 'अजून थोडा वर' कसं म्हणणार? मी मारली गाठ. दुसरी पण तिथंच मारली.

म्हटलं, खणताना गुपचूप जास्त खणून घेऊ. तर ही रोज काठावर दोर घेऊन हजर! बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, माझा तर खोलातही जाईना. मग मनाची समजूत घातली की दोन-चार फुटांनी काय होतंय. आणि तुझे आकडे चांगले आले तेव्हा मला इतका आनंद का झाला ते आता तुला समजेल. वाटलं, जमिनीनं माझी चूक पोटात घातली.

माती घालायला परवापासून सुरुवात केली आहे. तिला सांगितलं की वर फुलझाडं लावायची आहेत. तिला यातलं काही कळता कामा नये, तुला माझी शपथ. तुझं पत्र बटाट्याच्या पोत्यामागं ठेवलंय.

मला रडता येत नाही तुला माहीत आहे. पण हे लिहिताना जरा कठीण गेलं.

मामा

•

३ जुलै

भिंगरे,

डाव्या हातानं लिहितेय, अक्षर कोंबडीच्या पायासारखं येणार. हे झोपलेत. ह्यांचं पाकीट चिकटवायचं राहिलंय, त्यात हे सारते.

बटाट्याच्या पोत्यामागं पत्र लपवतात! त्या खोलीत सहा तास मी बसते, ह्यांना एवढंही सुचलं नाही. तुझं वाचलं, आता ह्यांचंही वाचलं.

मी डोळे मिटले होते म्हणे. एक मिटला होता. दुसऱ्यानं बघत होते. माझी बोटं कुठवर पोचली ते मला दिसत नव्हतं का? जन्मभर गाठ डोक्यावरून दोन-अडीच वीत उंच बघितलीय मी, त्या दिवशी ती टाळूच्या वर जात नव्हती. म्हटलं, हे सांगतील, 'अगं, कमी पडतोय.' मग मी म्हणणार होते, 'राहू दे, टेप आणा.' शब्द जिभेवर होता. पण ह्यांनी गाठ मारली. आणि मारताना ह्यांचे हात कापत होते. साठ फूट खोल विहिरीच्या काठावर एका पायावर उभा राहून विडी ओढणारा माणूस हा! तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्यांनी बघितलंय, आणि तरी बोलत नाहीत. मग मी पण नाही बोलले. कमी पडलं तर पडलं. त्या दिवशी मला त्या खोलीपेक्षा ती गाठ जास्त हवी होती.

फार मूर्खपणा केला. तुझ्या नोकरीवर बेतलं होतं ते आत्ता वाचलं. पोरी, मला माफ कर. जमिनीनं इतक्या लांबून चुगली केली आणि तू इतक्या लांबून माझा हात बघितलास. वाचून मी तिथं खाली एकटीच बसून रडले, आणि मग हसले.

मातीचं मी बघते. फुलझाडं म्हणे! बावीस इंच कुठवर येतात ते मी काठीवर खूण करून ठेवलंय. आज संध्याकाळी खूण गाठली. पैलवान उद्या झापं टाकतोय. खाली दुपारी चादर अजून लागतेच.

ह्यांना मात्र सांगू नकोस की मला माहीत आहे. ह्या वयात ह्यांच्याकडे एवढं एकच गुपित आहे, ते तरी ह्यांच्याकडे राहू दे.

तुझा तक्ता झाला असेल तर आता रजा काढ. पुढल्या महिन्यात ये. शेजारच्या बाईंना तसलीच खोली हवी आहे, आणि ह्यांनी 'हो' म्हणून टाकलंय, तेही फोनवर. दोर नवा आणलाय. माझी उंची होती तेवढीच तुझी आहे, लग्नात माझं लुगडं तुला बरोबर आलं होतं. टोक पायाखाली मी धरीन, हात तू वर कर. गाठ हेच मारतील.

येताना त्या उंच टाचांच्या चपला घालून येऊ नकोस. परस चुकेल.

तुझी मामी